झाडासारखी माहिती वेगाने वाचायची आणि बदलायची कशी?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. तोवर ठाण्यात १५ तालुके होते. त्यांतले पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड असे आठ नव्या जिल्ह्यात गेले, सात ठाण्यात राहिले. सांगायला हा बदल दोन वाक्यांचा आहे. पण ज्या ज्या संगणकात गावांची उतरंड साठवलेली असते, तिथे या दोन वाक्यांपायी किती ओळी बदलाव्या लागतात? उत्तर नऊही असू शकतं आणि काही लाखही. ती माहिती सुरुवातीला कशी मांडली, यावर ते ठरतं.

जनगणनेमुळे हा विषय पुन्हा समोर आला आहे. जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ची मध्यरात्र आहे (बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६). जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दींतले बदल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उरकून घ्या, असं राज्यांना सांगितलं गेलं आणि त्यानंतर हद्दी गोठवल्या गेल्या. मोजणी चालू असताना एखादं गाव या तालुक्यातून त्या तालुक्यात गेलं, तर ते दोनदा मोजलं जाईल किंवा सुटून जाईल. सगळ्याच सॉफ्टवेअरना असं गोठवण्याची मुभा नसते. ऑनलाइन दुकानातले वस्तूंचे प्रकार, कंपनीतली वरिष्ठ-कनिष्ठांची साखळी, यंत्राचे सुटे भाग, संगणकातले फोल्डर ही सगळी झाडं, म्हणजे फांद्या फुटत जाणाऱ्या उतरंडी, चालू कामातच बदलत असतात.

जनगणनेची यंत्रणा आतून कशी बांधली आहे, हा या लेखाचा विषय नाही. गाव-तालुका-जिल्हा ही उतरंड प्रत्येकाला पाठ असते, म्हणून उदाहरणादाखल तीच घेतली आहे.

## आधी चार शब्द

उतरंडीतल्या प्रत्येक घटकाला नोड म्हणतात. सगळ्यांत वरचा नोड म्हणजे मूळ. इथे ते भारत. एका नोडच्या थेट वर असलेला नोड हा त्याचा पालक. आणि एखादा नोड व त्याच्याखालचं सगळं मिळून जे होतं, ते पोटझाड. ठाणे जिल्हा, त्याचे तालुके आणि त्यांतली सगळी गावं हे एक पोटझाड झालं.

झाडाची एक अट पक्की असते: मूळ सोडून प्रत्येक नोडला एकच पालक. ही अट मोडली, तर ते झाड उरत नाही आणि खाली सांगितलेल्या रीतींपैकी बऱ्याच निकामी होतात.

आकाराचा अंदाज यावा म्हणून २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहू. ३५ राज्यं व केंद्रशासित प्रदेश, ६४० जिल्हे, ५,९२४ तालुके किंवा त्यांच्या तोडीचे विभाग, ७,९३५ शहरं आणि सुमारे ६ लाख ४१ हजार गावं. म्हणजे साडेसहा लाखांच्या आसपास नोड, पण पातळ्या फक्त पाच. झाड रुंद आहे, खोल नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण रुंद झाडाला मानवणारा उपाय खोल झाडाला मानवेलच असं नाही.

## अडचण मुळात कुठे आहे

डेटाबेस माहिती ओळी आणि स्तंभांच्या सपाट तक्त्यात ठेवतो. डिस्कवर तो तक्ता ठराविक मापाच्या तुकड्यांत असतो. अशा तुकड्याला पेज म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते ८ किलोबाइटचं असतं, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेत १६ किलोबाइटचं. एक ओळ हवी असली, तरी अख्खं पेज वाचावं लागतं. हव्या असलेल्या ओळी शेजारीशेजारी असतील तर काम चटकन होतं, विखुरलेल्या असतील तर प्रत्येकीसाठी वेगळं पेज उघडावं लागतं.

नेमकं पेज शोधून देणारी क्रमवार सूची म्हणजे इंडेक्स. इंडेक्सच्या एका पेजवर साधारण ३०० नोंदी मावतात असं धरलं, तर तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येतं. साडेसहा लाख ही त्यापुढे काहीच नाही. म्हणून एक गाव शोधणं कधीच अवघड नसतं. अवघड असतं ते ‘या जिल्ह्याखालचं सगळं दे’ असं विचारणं, कारण जिल्हा आणि गाव यांचा थेट संबंध तक्त्यात लिहिलेलाच नसतो. तो लिहून ठेवावा, तर वाचन वेगाने होतं, पण बदल झाला की ते सगळं लिखाण दुरुस्त करावं लागतं. पुढच्या चार रीती म्हणजे या देवाणघेवाणीची चार उत्तरं आहेत.

## पहिली रीत: प्रत्येकाला फक्त आपला पालक ठाऊक

तक्त्यात प्रत्येक नोडचा क्रमांक, नाव आणि पालकाचा क्रमांक एवढंच ठेवायचं. विक्रमगडच्या ओळीत ‘पालक: ठाणे’, एवढंच.

लेखनात या रीतीच्या जवळ कोणी येत नाही. पालघरसाठी एक नवी ओळ घालायची आणि आठ तालुक्यांचा पालक-क्रमांक बदलायचा. गावांना हातही लावायचा नाही, कारण त्यांचा पालक तालुका आहे आणि तो तोच राहिला. एकूण नऊ ओळी.

ही रीत वाचायला मंद आहे, अशी तिची बदनामी आहे. माझ्या मते बहुतेक वेळा दोष रीतीचा नसतो, ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा असतो. प्रोग्रॅम आधी जिल्ह्याचे तालुके मागतो, मग एकेका तालुक्याची गावं, मग प्रत्येक गावासाठी पुन्हा ‘याच्याखाली काही आहे का’ असं विचारतो. जुन्या ठाणे जिल्ह्यात अशा दीड हजारांवर फेऱ्या होतात. फेरीला २ मिलिसेकंद धरले, तरी नुसत्या जाण्या-येण्यात ३ सेकंद जातात आणि डेटाबेस त्या वेळात बहुतांशी रिकामा बसलेला असतो.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही हवेत. पहिला: पालक-क्रमांकाच्या स्तंभावर इंडेक्स. इथे एक खड्डा आहे. हा स्तंभ परकी किल्ली, म्हणजे फॉरेन की (इथला क्रमांक दुसऱ्या एखाद्या ओळीचा असलाच पाहिजे, असं बंधन), म्हणून जाहीर केला की मायएसक्यूएलचं इनोडीबी त्यावर इंडेक्स आपसूक बनवतं. पोस्टग्रेस बनवत नाही. तिथे तो आठवणीने बनवावा लागतो, नाहीतर प्रत्येक पातळीसाठी अख्खा तक्ता चाळला जातो. एवढंच नाही, एक नोड पुसायचा म्हटला तरी त्याची कुणी मुलं शिल्लक आहेत का, हे बघायलाही पूर्ण तक्ता चाळला जातो. पुसणं विनाकारण मंद वाटलं, तर आधी हा इंडेक्स तपासावा.

दुसरा उपाय: पुनरावर्ती क्वेरी. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. ‘या नोडची मुलं घे, मग त्यांची मुलं, मग त्यांची, मुलं संपेपर्यंत’ ही सूचना एकदाच देऊन सगळं काम डेटाबेसच्या आतच करून घ्यायचं. डेटाबेसशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्या १९९९ च्या प्रमाणात हिची तरतूद झाली. पोस्टग्रेसमध्ये ती ८.४ या आवृत्तीपासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून, एसक्यूलाइटमध्ये ३.८.३ पासून. पाच पातळ्यांच्या झाडाला पाचच टप्पे लागतात. साडेसहा लाख नोडच्या रुंद झाडासाठी पहिली रीत, इंडेक्स आणि ही क्वेरी एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम कायमचं भागतं. इथवर न थांबता लोक पुढच्या गुंतागुंतीच्या रीतींकडे धावतात, याचं वाईट वाटतं.

मात्र एक इशारा. चुकून झाडात वर्तुळ तयार झालं, म्हणजे अ चा पालक ब आणि ब चा पालक अ, तर ही क्वेरी थांबतच नाही. मायएसक्यूएल १,००० टप्प्यांनंतर ती तोडतं. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही. १४ व्या आवृत्तीपासून ‘सायकल’ हे कलम मिळतं, ते लावावं, किंवा पातळीचा आकडा सोबत मोजत राहून ५० वर थांबवावं.

## दुसरी रीत: प्रत्येकाजवळ पूर्ण पत्ता

पाकिटावर आपण नुसतं गावाचं नाव लिहीत नाही. मु. पो. अमुक, ता. डहाणू, जि. पालघर असं लिहितो. पत्ता वाचणाऱ्याला मग कोणालाही काही विचारावं लागत नाही. दुसऱ्या रीतीत प्रत्येक नोडच्या ओळीत असाच मुळापासूनचा मार्ग लिहून ठेवतात, फक्त उलट्या क्रमाने: आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि ठाण्याचा ५१७ होता. तेव्हा ठाण्यातल्या प्रत्येक गावाचा मार्ग ‘२७.५१७.’ ने सुरू होणार.

मार्गावर इंडेक्स असला की पोटझाड वाचणं म्हणजे ‘२७.५१७. ने सुरू होणारं सगळं दे’ एवढंच. त्या नोंदी इंडेक्समध्ये सलग असतात. वरची साखळी हवी असेल तर ती मार्गातच लिहिलेली आहे. दुसरी ओळ उघडायचीही गरज नाही.

चुका कुठे होतात, ते पाहा. मार्गाच्या शेवटी विभाजक चिन्ह ठेवलं नाही, तर ‘२७.५१’ शोधताना २७.५१७, २७.५१८ असे सगळेच सापडतात. पोस्टग्रेसमध्ये साधा मजकूर-इंडेक्स स्थानिक भाषेच्या क्रमाने लावलेला असेल, तर ‘अमुकने सुरू होणारं’ या प्रश्नाला तो उपयोगी पडत नाही. ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ हा प्रकार सांगून किंवा ‘सी’ हा क्रम ठरवून तो बनवावा लागतो. क्वेरी बरोबर असते, इंडेक्सही असतो, तरीही संपूर्ण तक्ता चाळला जातो, त्यामागे बहुधा हेच असतं. पोस्टग्रेसमध्ये अशा मार्गांसाठी ‘एलट्री’ नावाचा खास प्रकारही आहे. तो वापरला तर ही कटकट टळते, पण त्याच्या ‘जिस्ट’ प्रकारच्या इंडेक्समध्ये लिहिणं साध्या इंडेक्सपेक्षा महाग पडतं.

आणि मार्ग क्रमांकांचाच हवा, नावांचा नको. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. मार्गात नावं गुंफलेली असती, तर एका नावापायी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची ओळ पुन्हा लिहावी लागली असती. क्रमांक गुंफले असतील, तर एकच ओळ बदलते.

पोटझाड हलवताना मात्र किंमत मोजावी लागतेच. पालघरच्या वेळी आठ तालुके आणि हजाराच्या आसपास गावं, म्हणजे तितक्या सगळ्या ओळींचे मार्ग बदलणार. हजार ओळी आजच्या यंत्राला क्षणाचं काम आहे. पण हीच रीत वापरणाऱ्या फाइल-साठ्यात कुणी वरच्या पातळीवरचा एक फोल्डर हलवला आणि त्याखाली ४० लाख फाइली असल्या, तर ४० लाख ओळी एका दमात लिहाव्या लागतील. नोड मुळाच्या जितका जवळ, तितकं त्याला हलवणं महाग.

पोस्टग्रेसमध्ये यात आणखी एक भर पडते. तिथे ओळ जागच्या जागी बदलत नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी नंतर साफ होते. बदललेल्या स्तंभावर इंडेक्स असेल, तर त्या तक्त्यावरच्या सगळ्याच इंडेक्समध्ये नवी नोंद घालावी लागते. गावाची ४० स्तंभांची माहिती आणि मार्ग एकाच तक्त्यात असतील, तर मार्गासाठी ती सगळी ओळ नव्याने लिहिली जाते. म्हणून मार्ग वेगळ्या, अरुंद तक्त्यात ठेवावा: नोडचा क्रमांक आणि मार्ग, बस. एवढ्याशा बदलाने लेखनाचा भार बराच उतरतो.

## तिसरी रीत: डावा आणि उजवा आकडा

झाडाभोवती एक फेरी मारायची, प्रत्येक नोडमध्ये शिरताना एक आकडा द्यायचा आणि बाहेर पडताना दुसरा. मग ज्यांचा डावा आकडा ठाण्याच्या दोन आकड्यांच्या मध्ये येतो, ते सगळे ठाण्यात. खाली एकूण किती नोड आहेत, हेही नुसत्या वजाबाकीने कळतं: उजव्यातून डावा आणि आणखी एक वजा करून निम्मं.

वाचायला सुरेख, लिहायला भयंकर. एक नवा नोड आला की त्याच्यापुढच्या सगळ्यांचे आकडे दोनने सरकतात. क्रमांकाच्या ओळीने मांडलेल्या झाडात ठाण्याशेजारी पालघर घातलं, तर मुंबई उपनगरापासून (५१८) सांगलीपर्यंतचे (५३१) जिल्हे सरकणार आणि त्यापाठोपाठ आंध्र, कर्नाटक, गोवा, केरळ, तमिळनाडू, अंदमानपर्यंत सगळं. या राज्यांचा पालघरशी काडीचा संबंध नसताना त्यांच्या ओळी कुलूपबंद होतात, म्हणजे हा बदल पुरा होईपर्यंत दुसऱ्या कुणाला त्या बदलता येत नाहीत. आकड्यांत मुद्दाम मोकळी जागा सोडून हे पुढे ढकलता येतं, टाळता येत नाही. वर्षातून एकदा छापायच्या यादीसारखं न बदलणारं झाड असेल तरच ही रीत घ्यावी.

## चौथी रीत: सगळ्या नात्यांची वेगळी यादी

इथे एका जादा तक्त्यात प्रत्येक पूर्वज-वंशज जोडी लिहितात आणि दोघांत किती पातळ्यांचं अंतर आहे, तेही. एका गावासाठी पाच ओळी: गाव स्वतः, तालुका, जिल्हा, राज्य, देश. संपूर्ण भारतासाठी सुमारे ३३ लाख ओळी. तीन पूर्णांकांची एक ओळ पोस्टग्रेसमध्ये साधारण ४४ बाइट घेते; म्हणजे तक्ता दीडशे मेगाबाइटच्या घरात आणि दोन इंडेक्स धरून तीनशेच्या आसपास. हे सहज मेमरीत बसतं.

खोल झाडात मात्र हा हिशेब उलटतो. ओळींची संख्या म्हणजे नोड गुणिले सरासरी खोली. दहा लाख नोड आणि सरासरी खोली ४० असेल, तर चार कोटी ओळी.

नवं गाव घालायचं तर पालकाच्या सगळ्या पूर्वजांच्या ओळी उचलायच्या, त्यांत वंशज म्हणून नवं गाव लिहायचं, अंतर एकने वाढवायचं आणि गावाची स्वतःशी जोडी घालायची. पोटझाड हलवायचं तर दोन पायऱ्या. आधी पोटझाडातले नोड आणि पोटझाडाबाहेरचे पूर्वज यांच्या जोड्या पुसायच्या. मग नव्या पालकाच्या साखळीतला प्रत्येक पूर्वज गुणिले पोटझाडातला प्रत्येक नोड, इतक्या जोड्या घालायच्या. पालघरच्या वेळी गावागणिक ठाणे, महाराष्ट्र, भारत या तीन जोड्या पुसून पालघर, महाराष्ट्र, भारत या तीन घातल्या जातील: साधारण तीन हजार पुसणं, तीन हजार लिहिणं. महाराष्ट्र आणि भारत दोन्हीकडे सारखेच आहेत, हे ओळखून ते वगळले, तर हजार आणि हजार.

पोटझाडाच्या आतल्या जोड्या पुसू नयेत. डहाणू आणि त्याची गावं यांचं नातं बदललेलं नाही. घाईत लिहिलेल्या क्वेरीत ही अट राहून जाते आणि हलवलेला तालुका आपलीच गावं हरवून बसतो.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी एक फायदा: इनोडीबी ओळी प्राथमिक किल्लीच्या, म्हणजे ओळ ओळखण्याच्या मुख्य खुणेच्या, क्रमानेच डिस्कवर ठेवतं. किल्ली ‘पूर्वज, वंशज’ या क्रमाने ठेवली, तर एका जिल्ह्याचे सगळे वंशज सलग पेजांवर येतात. वर चढण्यासाठी ‘वंशज, पूर्वज’ असा दुसरा इंडेक्स लागतो. नोडचे क्रमांक विस्कळीत, म्हणजे यूयूआयडी या लांबलचक, पुन्हा न येणाऱ्या ओळखक्रमांकांच्या चौथ्या प्रकारचे असतील, तर प्रत्येक लेखन इंडेक्सच्या भलत्याच पेजवर पडतं, पेजं फुटत राहतात आणि वेग घसरतो. साधे वाढते पूर्णांक किंवा वेळेच्या क्रमाने वाढणारा यूयूआयडीचा सातवा प्रकार घ्यावा.

## मग निवडायचं काय?

निवडू नका, थर लावा. पालक-क्रमांक हीच खरी नोंद माना. मार्ग किंवा जोड्यांची यादी लागलीच, तर ती या खऱ्या नोंदीतून केव्हाही पुन्हा बनवता येईल अशी प्रत म्हणून ठेवा. दोन्हींत फरक आढळला, तर पालक-क्रमांक बरोबर आणि प्रत चूक, असा नियम. रोज रात्री पुनरावर्ती क्वेरीने प्रत पडताळून पाहणारं एक काम लावावं आणि फरक शून्य नसेल, तर संबंधित माणसाला कळवावं.

प्रचंड पोटझाड हलवायचं असेल, तर लाखो ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकही होत नाही, अशा गटात) बदलू नयेत आणि तुकड्यातुकड्यांनीही थेट बदलू नयेत. पहिल्यात बाकीचे खोळंबतात, दुसऱ्यात अर्धं झाड इकडे आणि अर्धं तिकडे असं वाचणाऱ्याला दिसतं. नवे मार्ग दुसऱ्या तक्त्यात पाच-पाच हजारांच्या तुकड्यांनी तयार करावेत आणि शेवटी एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये तक्त्यांची नावं अदलाबदल करावीत. दरम्यान झालेले बदल वेगळ्या यादीत टिपून ठेवावेत आणि अदलाबदलीच्या आधी नव्या तक्त्यात घालावेत.

## बेरजांचा प्रश्न, जो बहुतेकांना उशिरा दिसतो

झाडात नुसती नाती नसतात, बेरजाही असतात. गावाची लोकसंख्या तालुक्यात मिळते, तालुक्याची जिल्ह्यात, शेवटी देशात. सोपा वाटणारा मार्ग असा: गावाची नोंद आली की तालुका, जिल्हा, राज्य आणि देश या चार ओळींतला आकडा लगेच वाढवायचा. वाचन मग विजेच्या वेगाने होतं.

गोम ही की भारताची ओळ एकच आहे. कुठल्याही गावाची नोंद आली, तरी ती ओळ बदलावी लागते आणि बदलताना ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ती कुलूपबंद राहते. ट्रान्झॅक्शनला ५ मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला जास्तीत जास्त २०० नोंदी. संध्याकाळच्या गर्दीत सेकंदाला ५०० आल्या, तर रांग दर सेकंदाला ३०० ने वाढते. यंत्र दुप्पट मोठं घेतलं, जास्त प्रोसेसर लावले, तरी हा २०० चा आकडा जवळपास तिथेच राहतो, कारण सगळे एकाच ओळीसाठी ताटकळलेले असतात. ‘मोठा सर्व्हर घेऊ’ या सल्ल्याचं उत्तर हेच.

त्यावरचा उपाय म्हणजे नोंद आणि बेरीज वेगळी करणं. आलेली नोंद एका यादीत फक्त खाली जोडायची; त्यासाठी कोणाचीही वाट पाहावी लागत नाही. मग ठराविक वेळाने खालच्या पातळीपासून बेरजा वर न्यायच्या: आधी तालुके, मग जिल्हे, मग राज्यं, मग देश. एका फेरीत जास्तीत जास्त ५,९२४ + ६४० + ३५ + १ = ६,६०० ओळी बदलतात.

फेरी किती वेळाने घ्यायची, याचा हिशेब करावा. दिवसाला दहा लाख नोंदी येत असतील, तर थेट पद्धतीत ४० लाख वेळा वरच्या ओळी बदलतात. दर मिनिटाला फेरी घेतली आणि प्रत्येक वेळी सगळ्या ओळी लिहिल्या, तर १,४४० फेऱ्यांत ९५ लाख, म्हणजे दुपटीहून जास्त! दर १५ मिनिटांनी घेतली, तर सव्वासहा लाखांच्या आसपास. ज्यांच्याखाली काही बदललं, तेवढेच नोड लिहिले तर आणखी कमी. पंधरा मिनिटं शिळा आकडा चालत नसेल, तर साठवलेली बेरीज अधिक यादीतल्या ताज्या नोंदी अशी वाचतानाच जुळणी करता येते.

जिथे थेट पद्धतच ठेवायची असेल, तिथे निदान कुलपांचा क्रम सगळीकडे सारखा ठेवावा, नेहमी खालून वर. एक ट्रान्झॅक्शन खालून वर आणि दुसरं वरून खाली जात असेल, तर दोघं एकमेकांसाठी अडून बसतात आणि डेटाबेसला एकाला मारावं लागतं.

## दोघांनी एकाच वेळी झाड हलवलं तर?

एक जण ‘अ’ ला ‘ब’ खाली नेतो, त्याच क्षणी दुसरा ‘ब’ ला ‘अ’ खाली. दोघंही आधी तपासतात की वर्तुळ होत नाही ना. दोघांनाही जुनं झाड दिसतं, तपासणी पार पडते आणि वर्तुळ तयार होतं. दोन्ही नोड मुळापासून तुटतात. यादीत ते असतात, पण कुठल्याही अहवालात येत नाहीत, म्हणून ही चूक महिनोन्महिने ध्यानात येत नाही.

नोड हलवणं ही तुलनेने विरळ क्रिया आहे. तेव्हा संपूर्ण झाडासाठी एकच कुलूप ठेवावं आणि हलवण्याआधी ते घ्यावं. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘अ‍ॅडव्हायजरी लॉक’ मिळतं. तपासणी कुलूप घेतल्यानंतर करायची, आधी नाही. नवीन नोड घालायला किंवा नाव बदलायला हे कुलूप लागत नाही, त्यामुळे रोजचं काम अडत नाही.

## जुनं झाड फेकून द्यायचं का?

२०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजारांवर होती, देशात सगळ्यांत जास्त. त्यातली सुमारे २९ लाख ९० हजार आजच्या पालघरच्या हद्दीतली. उरलेल्या ठाण्याची सुमारे ८० लाख ७० हजार. नव्या जनगणनेतल्या ठाण्याची तुलना १ कोटी १० लाखांशी केली, तर वाढ खरी आहे त्यापेक्षा फारच कमी दिसेल. आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चुकेल.

म्हणून पालक-क्रमांकाशेजारी दोन तारखा ठेवाव्यात: हे नातं कधीपासून आणि कधीपर्यंत. डहाणूच्या मग दोन ओळी होतात; एकीत पालक ठाणे, ३१ जुलै २०१४ पर्यंत; दुसरीत पालक पालघर, १ ऑगस्ट २०१४ पासून, शेवट मोकळा. मार्ग किंवा जोड्यांची प्रत फक्त आजच्या झाडाची ठेवावी, कारण रोजचं वाचन तिचंच असतं. जुन्या तारखेचं झाड क्वचित लागतं. ते पुनरावर्ती क्वेरीत तारखेची अट घालून काढावं, सेकंदभर लागला तरी चालेल. एका नोडच्या दोन ओळींच्या तारखा एकमेकींवर चढणार नाहीत, ही अट डेटाबेसमध्येच घालावी. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सक्लूजन’ बंधनाने ती घालता येते.

## ‘कॅशे लावला की झालं ना?’

कॅशे म्हणजे तयार उत्तराची मेमरीत ठेवलेली प्रत. पाच पातळ्यांचं, क्वचित बदलणारं झाड अख्खं मेमरीत ठेवणं अगदी योग्य आहे. साडेसहा लाख नोड, प्रत्येकी १०० बाइट धरले तर ६५ मेगाबाइट होतात. प्रश्न येतो तो प्रत शिळी झाल्यावर. एक तालुका हलला की ठाणे, पालघर, त्या तालुक्याची गावं, सगळ्यांची साठवलेली उत्तरं चुकतात आणि नेमकी कुठली पुसायची हे शोधण्यासाठी पुन्हा झाडच वाचावं लागतं. त्यापेक्षा झाडाला एकच आवृत्ती-क्रमांक द्यावा. रचना बदलली की तो एकने वाढवायचा आणि कॅशेच्या प्रत्येक किल्लीत, म्हणजे उत्तर ज्या नावाने साठवतो त्यात, तो घालायचा. जुन्या प्रती कुणी विचारेनासं झाल्यावर आपोआप गळून जातात.

## ‘मग ग्राफ डेटाबेसच का नको?’

एका नोडला अनेक पालक असतील, नाती अनेक प्रकारची असतील आणि प्रश्नही ‘कुठून कुठे कसं पोचता येईल’ अशा धर्तीचे असतील, तर ग्राफ डेटाबेस, म्हणजे नोड आणि त्यांच्यातली नाती हीच मुळात साठवणारा डेटाबेस, घ्यावा. शुद्ध झाडासाठी मात्र नवी प्रणाली, तिचा बॅकअप, तिची देखरेख आणि मूळ डेटाबेसशी सतत जुळवून घेण्याची वेगळी यंत्रणा, एवढं ओझं सहसा परवडत नाही. भारताच्या ताज्या बेरजेची ओळ ग्राफ डेटाबेसमध्येही एकच असते.

## बदल करण्याआधी काय मोजावं

चार आकडे काढावेत: एकूण नोड, सर्वाधिक खोली, दिवसाला किती वेळा पोटझाड वाचलं जातं आणि किती वेळा हलवलं जातं. मग संथ क्वेरी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’ (डेटाबेसने क्वेरी कशी चालवली, ते दाखवणारी आज्ञा) लावून चालवावी. पोस्टग्रेसमध्ये तिच्यासोबत ‘बफर्स’ हा पर्याय जोडला की किती पेजं वाचली गेली, हेही दिसतं. हजार ओळींच्या उत्तरासाठी दहा-वीस पेजं लागत असतील, तर ओळी सलग आहेत आणि रचनेत बदल करण्याची गरज नाही. हजारभर पेजं लागत असतील, तर ओळी विखुरल्या आहेत. मार्गाच्या किंवा जोड्यांच्या प्रतीचा विचार करावा. आणि तक्त्यातली झाडून सगळी पेजं वाचली जात असतील, तर पालक-क्रमांकावर इंडेक्स आहे का, ते आधी बघावं.

ही मोजणी खऱ्या आकाराच्या माहितीवरच करावी. शंभर नोडच्या चाचणी-तक्त्यावर डेटाबेस इंडेक्स असूनही वापरत नाही, कारण दोन-चार पेजं सरळ वाचणं त्याला स्वस्त पडतं. तिथले आकडे साडेसहा लाख नोडबद्दल काहीही सांगत नाहीत.